आप्पांच्या पुढची मोकळी जागा

त्या उन्हाळ्यात आमच्या कुरडयांवर इंग्रजी अक्षरं उमटली होती. मी नांदेडला मावशीकडे राहून कंप्यूटरचा कोर्स करत होते आणि दर शनिवारी एसटीने मुखेडला घरी यायचे, तेव्हा पिशवीत वापरून झालेला कंप्यूटरचा कागद असायचा. लांबच लांब, घडीवर घडी, दोन्ही कडांना भोकं. माय तो गच्चीवर अंथरायची आणि त्याच्यावर कुरडया घालायची. ओल्या चिकाला शाई लागायची, आणि तळलेली कुरडई ताटात आली की तिच्या पोटाशी एखादा उलटा आकडा नाहीतर कंस दिसायचा. पाहुण्यांनी विचारलं तर माय मोठ्या तोऱ्यात सांगायची, "पोरीचा कोर्स हाय." त्या कुरडया खाऊन कुणाला काही झालं नाही, उलट आण्णा म्हणायचे, शिकलेली कुरडई पचायला हलकी असते.

आण्णा म्हणजे माझे वडील. चार माणसांत बसायचे, कमी बोलायचे, पण बढाई मारायची झाली तर पोरीबाळींचीच मारायचे. माझा क्लास नांदेडच्या जुन्या बाजारात, आम्हाला शिकवणाऱ्या मुनीर सरांच्या भावाच्या घड्याळाच्या दुकानावर होता. जिना चढायच्या आधी चपला काढायच्या, पाय पुसायचे, पडदा बाजूला करून त्या गार खोलीत शिरायचं. आम्ही इतक्या अदबीने शिरायचो की पहिल्या दिवशी एका मुलीने कंप्यूटरला हात जोडले होते आणि सरांनी तिला अडवलं नव्हतं. खाली शेकडो घड्याळं टिकटिकायची, वर छपाईचं यंत्र करकरायचं, आणि सरांच्या अत्तराचा वास खोलीभर दाटलेला असायचा. आता माझ्या भाच्याच्या मांडीवरचा कंप्यूटर अगदी मुका असतो. मला तो काम करतोय यावर विश्वासच बसत नाही.

त्या खोलीत मी जे शिकले त्यातलं बरंचसं विसरले, पण अक्षरांची रुंदी ठरवायचा धडा विसरले नाही. छापायच्या आज्ञेत टक्क्याचं चिन्ह टाकायचं, पुढे आकडा लिहायचा. चाळीस लिहिलं की मजकुराला चाळीस घरं मिळतात. मजकूर दहाच अक्षरांचा असेल तर उरलेली तीस घरं यंत्र आपोआप मोकळी सोडतं. आकड्याआधी उणे लिहिलं तर अक्षरं डाव्या कडेला चिकटतात, नाही लिहिलं तर उजव्या. मुनीर सर समजावून सांगायचे, "देखो बेटा, बाज चाळीसची हाय आन माणूस दहाचा. उरलेली बाज कुठं जाणार? तिथंच राहणार. आपण फक्त ठरवायचं, माणूस कोणत्या कडेला झोपवायचा." मला हे फार आवडलं होतं. मी मावशीच्या घरी किराण्याच्या सामानाची नावंसुद्धा मनातल्या मनात उजव्या कडेला चिकटवत बसायचे.

त्याच उन्हाळ्यात आक्काचं लग्न ठरलं. आक्का माझी मोठी बहीण, नाव सुमन. दिसायला चांगली, कामाला वाघ, पण तिचं लग्न जमता जमत नव्हतं, आणि त्याचं कारण सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. आक्का बोलायची. पाहुणे बघायला आले, त्यांनी "पोरी, सैपाक येतो का" विचारलं, की ही विचारायची, "येतो, पर तुमच्याकडं पाणी कुठून आणावं लागतं?" एका ठिकाणी तिने होऊ घातलेल्या सासऱ्यांना बैलाच्या किमतीत तुम्ही फसवले गेलात असं सांगितलं, आणि ते खरंच फसवले गेले होते, त्यामुळे तर ते जास्तच चिडले. पाहुणे धपाटे-दही खाऊन, हात धुऊन जायचे आणि मागून निरोप यायचा, पोरगी लई बोलती. रात्री जेवताना माय आक्काच्या ताटात एक धपाटं जास्तीचं वाढायची. आक्का ते खायची नाही. एरवी सगळ्यांना पुरून उरणारी माझी बहीण तेव्हा अंगठ्याने जमीन उकरत बसायची, आणि मला तिच्याकडे बघवायचं नाही.

चाकूरकडचं हे स्थळ मात्र तिच्या मनात भरलं होतं. मुलाने तिला बघायला आल्यावर विचारलं होतं, "तुम्हाला काय विचारायचं हाय का?" हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. आक्काने त्याला बरंच काही विचारलं आणि त्याने बसून सगळ्याची उत्तरं दिली. त्या रात्री ती मला म्हणाली, "छोटे, हे मोडलं तर मी दुसरं बघणार न्हाई." मायने तिला त्या दिवसापासून लग्न लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही अशी शपथच घातली. आक्काने घेतली, आणि घरात इतकी शांतता झाली की म्हशीसुद्धा वळून बघायला लागल्या.

आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी देतात. अक्षता पडायच्या आधी माइकवरून एकेकाचं नाव पुकारायचं, माणूस उठून येतो, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर टॉवेल पडला की परत जाऊन बसतो. कुणाचं नाव आधी आलं आणि कुणाचं नंतर, यावरून भावाभावांचं येणं-जाणं बंद झालेलं मी पाहिलं आहे. आण्णांनी चाकूरला जाऊन सांगून टाकलं, "आमची धाकटी कंप्यूटरवर मानकऱ्यांचा कागद काढणार हाय. मांडवाच्या दारात लावू." मुनीर सरांकडे मराठी अक्षरं छापणारं एक कार्ड यंत्रात बसवलेलं होतं. काना-मात्रांचा हिशोब त्याला नीट जमत नसे, म्हणून मी एकेक ओळ हाताने सारखी केली. कागद ऐंशी घरं रुंद. चाळीस आमच्याकडच्यांना, चाळीस त्यांच्याकडच्यांना. आमची माणसं मी डाव्या कडेला चिकटवली, त्यांची उजव्या कडेला. व्याहीभेटीला दोन्हीकडची मंडळी जशी समोरासमोर उभी राहतात तशी, मधे मोकळी वाट. मला वाटलं होतं, चाकूरचे लोक कागद बघून माझं कौतुक करतील.

कागद चाकूरला गेला आणि आठवड्याभराने निरोप आला, मोठे आप्पा नाराज आहेत. हरीआप्पा म्हणजे मुलाचे थोरले चुलते. घरातलं पान त्यांच्या शब्दावाचून हलायचं नाही. त्यांचं नाव नुसतं हरी पाटील. उजव्या कडेला चिकटवल्यावर ते पार टोकाला, कागदाच्या भोकांजवळ जाऊन उभं राहिलं. आणि सगळ्यात पुढे, आमच्या माणसांच्या अगदी तोंडाशी कोण, तर चंद्रसेन पुरुषोत्तमराव सूर्यवंशी. हे गृहस्थ नवऱ्या मुलाच्या आत्याच्या नवऱ्याचे मावसभाऊ. मुलगी बघायला येताना जीपमध्ये एक जागा उरली होती म्हणून ते आले आणि मानकऱ्यांत मोडले. पण नाव लांब, त्यामुळे ओळ लवकर सुरू झालेली. चाकूरच्या ओसरीवर सगळ्यांनी कागद भिंतीला लावून बघितला आणि निकाल दिला की भेटीला सूर्यवंशी पुढे निघालेत आणि आप्पांना भिंतीला टेकवून ठेवलंय. सूर्यवंशींनाही हे मान्य होतं. त्या दिवसापासून ते खाकरून बोलायला लागले म्हणे.

मग चाकूरहून सुधारलेली नावं आली. आप्पांचं नाव आता श्रीमान हरीराव ज्ञानोबाराव पाटील, माजी चेअरमन, असं होतं. बाकीचे मागे कसे राहतील? कुणी गावाचं नाव जोडलं, कुणी आजोबांचं. एकाने "प्रगतिशील बागायतदार" लावलं, त्यांची विहीर तीन वर्षं कोरडी होती. सूर्यवंशींनी तर नावाच्या आधी चार आणि नंतर पाच शब्द लावले. मी मुनीर सरांना विचारलं, नाव चाळीसच्या वर गेलं तर काय होईल? सर म्हणाले, "ही भाषा मोठी शरीफ हाय बेटा. कुणाचं नाव कापत न्हाई. जेवढं असंल तेवढं छापती." शरीफ भाषेने छापलं. कागदाच्या उजव्या कडेला नाव मावलं नाही की उरलेलं शेपूट यंत्राने पुढच्या ओळीत, डाव्या कडेपासून सुरू केलं. म्हणजे आमच्या बाजूला. दुरुस्तीला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी चाकूरची मंडळी याद, म्हणजे देण्याघेण्याची आणि मानपानाची यादी, ठरवायला मुखेडला येणार होती, आणि आण्णांना कागद हातात हवा होता.

बैठक आमच्या ओसरीवर भरली. आधी सुशीला, म्हणजे चुरमुऱ्यांचा उपमा, आणि भजी झाली, पाण्याचे तांबे फिरले, मग आण्णांनी सतरंजीवर कागद उलगडला. आमचे दगडूकाका उकिडवे बसून वाचायला लागले. दगडूकाका आण्णांचे धाकटे भाऊ. त्यांचं अर्धं आयुष्य शेजाऱ्याशी बांधावरून भांडण्यात गेलेलं, त्यामुळे कोणताही कागद ते आधी हद्दीच्या नजरेने बघायचे. त्यांनी आपलं नाव शोधलं. ते सापडलं, पण त्याच्या डोक्यावर डावीकडे एकटंच लिहिलेलं होतं, "माजी चेअरमन."

"हे कोण?" दगडूकाकांनी विचारलं.

"आमचे आप्पा," चाकूरकडचे एक जण म्हणाले.

"आप्पा तिकडं हायत. हे इकडं कशामुळं?"

"नाव लांब हाय, तर आलं असंल थोडं इकडं."

"थोडं?" दगडूकाका उठले. "आज चेअरमन आला, उद्या बागायतदार येईल. आन ह्ये बघा, आलाच की. आमच्या रकान्यात तुमची चार माणसं घुसून राहिली. ह्येला अतिक्रमण म्हणतेत." ते आत गेले आणि मोजणीची दोरी घेऊन आले. दोरीला गाठी मारलेल्या होत्या, आणि ती जमीन मोजायची असल्यामुळे सबंध कागद तिच्या पहिल्याच गाठीच्या आत संपला. तरी काकांनी ती दोन वेळा लावून बघितली. चाकूरकडच्या एकाने दुसरं टोक धरलं, कारण मोजणीत समोरच्याने टोक धरायचं असतं. आण्णांनी दोन रकान्यांमधल्या हद्दीवर ज्वारीचे दाणे ठेवून खुणा केल्या. इतकं सगळं गंभीरपणे चाललं होतं की मी हसायचं विसरले.

हरीआप्पा तोपर्यंत बोलले नव्हते. पांढरीशुभ्र मिशी, मांडीवर काठी. त्यांनी काठी जमिनीला टेकवली. "पाव्हणं," ते आण्णांना म्हणाले, "आमी आखूड नाव धाडलं तर तुमी आमाला भिंतीला टेकवलं. लांब धाडलं तर म्हणता हद्द ओलांडली. मग आमी उभं तरी कुठं राहावं? तुमच्या दारात आमाला जागा न्हाई, असंच समजतो." ते उठायला लागले. त्यांच्यामागे सगळे उठायला लागले. सूर्यवंशी सगळ्यात आधी उठले. आण्णा पुढे झाले. मी तेव्हा पहिल्यांदा त्यांना हात जोडताना बघितलं, आणि माझ्या त्या टक्के-उण्यांची मला शरम वाटली.

तेवढ्यात आक्का चहाचं ताट घेऊन बाहेर आली. तिचं काम ताट ठेवून आत जायचं होतं. तिने ताट ठेवलं आणि ती गेली नाही. दारामागून माय तिला डोळ्यांनी, हातांनी, पदराने खुणा करत होती. आक्काने खाली बघतच विचारलं, "आप्पा, एक विचारू का?"

आप्पा अर्धे उठलेले, तसेच थांबले. "इचार."

"तुमी तुमच्या ओसरीवर बसता तवा तुमच्या म्होरं कोण बसतंय?"

"माझ्या म्होरं? कुणाची छाती हाय?"

"मग कागदावर तरी कुणाला का बसवावं? छोटीनं मुद्दाम जागा मोकळी सोडलीया. ज्याचा मान मोठा, त्याच्या म्होरची जागा मोठी. ह्या सूर्यवंशी काकांच्या म्होरं बगा, बोट ठेवायला जागा न्हाई."

मी असं काहीही मुद्दाम केलेलं नव्हतं. मी मान खाली घातली. मग सूर्यवंशी म्हणाले, "पोरगी लई बोलती." दारामागे माय मटकन खाली बसली, मला तिच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

आप्पा परत बसले. त्यांनी पहिला कागद मागवला, त्याची आमच्याकडची प्रत आण्णांनी देव्हाऱ्यातून आणून दिली. आप्पांनी आपल्या नावापुढच्या त्या लांबलचक मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं, सावकाश, शेतावरून नजर फिरवावी तसं. मग सूर्यवंशींच्या नावापुढे बोट ठेवून बघितलं. खरंच मावलं नाही. "चंद्रसेन," ते म्हणाले, "पोरगी बरोबर बोलती."

त्यानंतर जे सुरू झालं ते मी आजही सांगते तेव्हा लोक मला थापाडी म्हणतात. सूर्यवंशी म्हणाले, माझं पुरुषोत्तमराव काढा. बागायतदारांनी बागायत सोडली. कुणी वडिलांना वगळलं, कुणी आडनाव. ज्यांनी आधी आजोबांचं नाव जोडलं होतं त्यांनी आता स्वतःचं निम्मं पुसलं. मी कागदावर खोडत होते आणि जो तो माझ्या खांद्यावरून वाकून म्हणत होता, "अजून एक अक्षर कमी होतंय का बघ, बाई." चंद्रसेन पुरुषोत्तमरावांचा शेवटी चंदू झाला आणि ते फार सुखावले. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की आता आप्पांचंच नाव सगळ्यात लांब राहिलं, म्हणजे आप्पांच्या पुढची जागा सगळ्यात कमी. तेव्हा ठरलं की आप्पांचं नाव नुसतं ह लिहायचं, आणि दुसऱ्या कुणी दोन अक्षरांच्या खाली जायचं नाही. दगडूकाकांनी दोरी गुंडाळली. बांध जिथल्या तिथे आला होता.

मी सगळी नावं नव्या कागदावर उतरवून काढली. आप्पा निघताना त्याच्याकडे बघत राहिले. उजव्या कडेला एक ह, आणि त्याच्या पुढे सगळं पांढरं. "एवढं रान पडीक ठेवू न्हाई," ते म्हणाले. "ह्या बोलक्या पोरीचं नाव काय?"

"सुमन," आण्णा म्हणाले.

"तिला बसवा तिथं. माझ्या म्होरं."

"आप्पा, तुमच्या म्होरं कुणी…" चंदू म्हणाले.

"मोठं माणूस बसत न्हाई. लेकरू बसतंय. माझ्या ताटात माझी नातवंडं जेवतेत, तवा माझा मान कुठं जातो?"

मी ते नाव आण्णांच्या देखत लिहिलं. आण्णा चष्मा पुसत उभे होते. आमच्या डाव्या रकान्यात आक्काचं नाव कधीच नव्हतं, मायचंही नव्हतं, बायकांना टॉवेल-टोपी देत नाहीत. आणि उजव्या रकान्यात ते आता सगळ्यांच्या आधी आलं. "आत्ताच गेली," एवढंच आण्णा म्हणाले, आणि परसात जाऊन म्हशीला वैरण टाकायला लागले, जिला नुकतीच टाकलेली होती.

लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारात तो कागद लावला. उजवा अर्धा जवळजवळ कोराच. येणारे-जाणारे थांबायचे, उजव्या कडेची दोन-दोन अक्षरं बघायचे आणि विचारायचे, शाई संपली काय? माइकवर त्याचीच दुसरी प्रत घेऊन काशिनाथ गुरुजी होते. आमच्या शाळेतले जुने मास्तर, आयुष्यभर पुस्तकात असेल तेवढंच शिकवलेलं, कागदावर असेल तेवढंच वाचणारे. येसरच्या आमटीचा वास मांडवभर पसरला होता, बँडवाले पाणी पीत होते. वरपक्षाचा मान आधी असतो म्हणून गुरुजींनी चष्मा सारखा केला, उजवा रकाना डावीकडून वाचायला घेतला आणि भारदस्त आवाजात पुकारलं, "सन्मानाचे पहिले मानकरी, सुमन. त्यांनी टॉवेल-टोपी स्वीकारण्यासाठी पुढे यावं."

आक्का आतल्या खोलीत मुंडावळ्या बांधून बसली होती. ती आमच्याकडे बघायला लागली, मग मायकडे. मग गुरुजींनी नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा पुकारलं, आणि आक्का उठून सरळ बाहेर गेली. मी तिच्या मागे धावले. आण्णा ताट घेऊन उभे होते, ताटात टॉवेल आणि पांढरी टोपी. त्यांनी टोपी उचलली आणि त्यांचा हात तसाच राहिला. लेकीला टोपी घालायची रीत त्यांना कुणी शिकवली नव्हती, कुणालाच कुणी शिकवली नव्हती.

पहिल्या रांगेतून हरीआप्पा उठले. काठी चंदूंच्या हातात दिली. आण्णांच्या हातून टोपी घेतली, फुंकर मारून तिची घडी उघडली, आणि आक्काच्या मुंडावळ्या हलणार नाहीत इतक्या बेताने तिच्या डोक्यावर बसवली. "टावेल बी द्या," ते आण्णांना म्हणाले, "मान अर्धा देऊ नका." आण्णांनी टॉवेल तिच्या शालूवर टाकला. त्यांना नीट दिसत नव्हतं, तो एका बाजूला लोंबायला लागला. आक्कानेच तो सारखा केला.

मग ती माइककडे वळली. टोपी, मुंडावळ्या, खांद्यावर टॉवेल. मायने तोंडाला पदर लावला, पण या वेळी खूण केली नाही. "गुरुजी," आक्का सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आता ह वाचा. ते आमचे आप्पा हायत. त्यांना किती वेळ उभं ठेवायचं?"

आणि त्या भरल्या मांडवात, दोन्हीकडच्या इतक्या माणसांत, पोरगी लई बोलती असं कुणीसुद्धा म्हणालं नाही.